पहिल्या ट्रेडमिलचा पंचनामा

ट्रेडमिल बदलणे आणि ट्रेडमिल घेणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिली घेताना घराला एवढेच ठाऊक असते की, चालणे प्रकृतीला चांगले. दुसरी घ्यायची वेळ येते तेव्हा त्याच घराला बरेच काही कळून चुकलेले असते: कोण चालतो, किती दिवस चालतो, आणि कोण बंद पट्ट्यावर उभा राहून नुसत्या बातम्या पाहतो. ही सगळी माहिती जुन्या मशीनच्या अंगावर नोंदलेली असते आणि ती वाचायला पैसे पडत नाहीत. तरीही दुसरी ट्रेडमिल बहुधा पहिलीसारखीच घेतली जाते, म्हणजे मोबाइलवर चित्र पाहून आणि महिन्याचा हप्ता विचारून. थोडक्या पैशात काम भागवायचे असेल, तर दुकानात जाण्याआधी जुन्या मशीनपाशी जाऊन बसावे.

बीड जिल्ह्यातले धारूर हे या अभ्यासाला सोयीचे गाव आहे. ते बालाघाटाच्या रांगेवर वसलेले असल्याने चढ-उताराची तिथे टंचाई नाही. गावाला किल्ला आहे, तेलगावकडे उतरणारा वळणावळणाचा घाट आहे, आणि दोन्ही ठिकाणी चालणे फुकट आहे. अशा गावात विजेवर चालणारी सपाट वाट विकत कशाला घ्यायची, असे पुण्याहून आलेला पाहुणा हमखास विचारतो. त्याचे उत्तर रस्त्यावर मिळते. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेपासून पळू लागतात. ट्रॅक्टर दिसण्याआधी त्यावरचे गाणे येते आणि ट्रॅक्टर गेल्यावर पाचट मागे राहते. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजताच डांबर तापलेले असते. कुत्र्यांची हद्द ठरलेली असते आणि ती चालणाऱ्याला विचारून ठरलेली नसते.

पण सगळ्यात मोठी अडचण माणसांची. तालुक्याच्या गावी विनाकारण चालणे ही कल्पनाच रुजलेली नाही. भल्या सकाळी बूट घालून निघालेल्या माणसाला पहिल्याच वळणावर मोटारसायकलवाला विचारतो, "कुठं निघालाव?" "कुठं नाही, फिरायलो," असे सांगितले की तो गाडी उभी करतो आणि म्हणतो, "बसा की मग, सोडतो." नाही म्हटले तर त्याला राग येतो, आणि बसले तर व्यायाम बुडतो. धारूरमध्ये वजन न उतरण्यात या आपलेपणाचा वाटा मोठा आहे. बायकांची अडचण आणखी वेगळी. सून एकटी फिरायला निघाली तर "भांडण झालं का?" आणि सासू निघाली तर "दवाखान्यात निघाल्याव का?" एवढी चौकशी टाळण्यासाठी घरात मशीन आणणे हे समंजसपणाचेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत रस्तेही बंद झाले, तेव्हा अनेक घरांनी पहिली ट्रेडमिल आणली. त्या पिढीतल्या मशीन आता एकेक करून मान टाकत आहेत.

यंत्राचे कूळ थोडे ठाऊक असलेले बरे. त्याने अपेक्षा आवाक्यात राहतात. यातल्या 'मिल'चा अर्थ गिरणीच आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातले कैदी रिकामे बसू नयेत म्हणून पायऱ्यांचे फिरते चाक तयार केले. कैदी दिवसभर पायऱ्या चढायचे आणि होते तिथेच राहायचे. काही तुरुंगांत त्या चाकावर धान्य दळले जाई, काही ठिकाणी चाक नुसतेच फिरे. इंग्लंडच्या १८९८ च्या तुरुंग कायद्याने ही शिक्षा मोडीत काढली. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी रुग्णांच्या तपासणीसाठी मोटारीवर चालणारी ट्रेडमिल बनवली. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक आले. त्यावरून विल्यम स्टॉब या अभियंत्याला सामान्य घरात परवडेल अशी ट्रेडमिल सुचली. मराठी वाचकाला या इतिहासात फार नवल वाटू नये. तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. फक्त त्याच्या फेऱ्यांतून तेल निघायचे. त्याच्या डोळ्यांना झापड बांधत, आता समोर टीव्ही लावतात.

आता पंचनामा. आधी प्लग काढावा. मग मोटारीवरच्या झाकणाचे स्क्रू सोडवावेत आणि घरातल्या जाणत्या माणसांना पंच म्हणून भोवती उभे करावे. ती तशीही येऊन उभी राहतातच. पहिला पुरावा फळीचा. पट्टा थोडा सैल करून उचलला की खाली ती फळी दिसते, जिच्यावर पावले पडतात. फळीचा पुढचा भाग घासून चकचकीत आणि मागचा दीड फूट कारखान्यातून आला तसा असेल, तर त्या घरात कोणीही कधी धावलेले नाही. सगळे पुढच्या दांड्याला धरून, भाजी निवडल्यासारखे सावकाश चालले आहेत. दुसरा पुरावा बटणांचा. 'सुरू' आणि 'बंद' ही बटणे पुसट झालेली असतात, वेग वाढवण्याचे बटण थोडेसे, आणि बारा प्रकारच्या 'प्रोग्राम'चे बटण असे कोरे असते की त्यावरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्राही निघालेला नसतो. तिसरा पुरावा चढाचा. चढ देण्याची खिट्टी पहिल्या दिवशी ज्या भोकात होती, तिथेच ती गंजलेली सापडते.

काही मशीन आजवर चाललेले एकूण अंतर सांगतात. हा आकडा घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये. आळंदी ते पंढरपूर ही पायी वाट साधारण अडीचशे किलोमीटरची आहे आणि सत्तरीतले वारकरी ती दरसाल चालतात. पाच वर्षांत मशीनवर एक वारी पुरी झाली नसेल, तर दुसरी मशीन पहिलीपेक्षा महाग घेण्याचे काही कारण उरत नाही.

झाकणाखाली जे निघते, त्यात मृत्यूचे कारण दडलेले असते. काळ्या रानाची पिठासारखी बारीक धूळ, लांब केसांचा गुंता, उंदराने आणून ठेवलेले शेंगदाणे आणि रिमोटचा हरवलेला एक सेल एवढा ऐवज बहुधा मिळतोच. "कार्ड गेलं," असे मेकॅनिक सांगतो आणि ते खरेही असते. पण कार्ड, म्हणजे मोटारीला वीज सोडणारी सर्किटपट्टी, हे निमित्त झाले. पट्टा आणि फळी यांच्यामध्ये ठरावीक काळाने सिलिकॉन तेल सोडावे लागते. ते सोडले नाही की पट्टा कोरडा पडतो, फळीवर घासतो, त्याला ओढायला मोटार जास्त करंट घेते, आणि तो करंट ज्या कार्डातून जातो, ते तापून एका संध्याकाळी जळक्या वासासह निवृत्त होते. कधी तेल सोडलेले असते, पण घरातले. शिलाई मशीनचे, खोबरेल, किंवा मराठवाड्याच्या परंपरेला धरून करडईचे. करडईचे तेल हृदयाला चांगले म्हणतात, पट्ट्याला चांगले असल्याचा दावा अजून कोणी केलेला नाही. त्याने धूळ चिकटते आणि पट्ट्याखाली थालीपीठ तयार होते. ही मशीन तेलावाचून गेली हे एकदा कळले, की पुढची मशीनही, मग ती कितीही भारी असो, तशीच जाणार हेही कळते. म्हणून नव्या मशीनच्या खर्चात सिलिकॉन तेलाची बाटली पहिल्या दिवसापासून धरावी.

पंचनाम्यानंतरचा प्रश्न असा की बदलायचे की दुरुस्त करायचे. नुसता पट्टा झिजला असेल, मोटारीचे कार्बन ब्रश संपले असतील, तर दुरुस्ती स्वस्तात होते आणि मशीन आणखी काही वर्षे काढते. कार्ड आणि मोटार दोन्ही गेले असतील, तर दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे जातो, आणि तिथे थांबावे. या टप्प्यावर गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जाण्याचा मोह होतो. बोअरच्या जळालेल्या मोटारी भरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुधा डीसी मोटार असते. तो ती हातात घेऊन फिरवून पाहतो, आतल्या चुंबकाची ओढ बोटांना लागते, आणि मग शांतपणे विचारतो, "ह्याचं स्टार्टर कुठंय?" या प्रश्नानंतर मोटार पिशवीत घालून परत आणावी.

नवी मशीन निवडताना पहिली बाब मोटारीची. धारूरच्या गिऱ्हाइकाला 'एचपी' समजावून सांगावा लागत नाही. तीन एचपीला किती पाणी येते आणि पाच एचपी किती फुटांवरून उचलते, हे त्याला तोंडपाठ असते. म्हणूनच तो फसतो. जाहिरातीत 'चार एचपी' लिहिलेले असते आणि त्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत 'पीक' असा शब्द असतो. पीक म्हणजे मोटार क्षणभर जास्तीत जास्त जी ताकद लावू शकते ती. अखंड चालताना ती किती ताकद देते, तो आकडा वेगळा असतो आणि बराच कमी असतो. शंकरपटात अर्धा मिनिट उधळणारा बैल आणि दिवसभर नांगर ओढणारा बैल यांतला हा फरक आहे. घरात नांगराचा बैल लागतो. नुसत्या चालण्यासाठी अखंड दीड ते दोन एचपी पुरतात. रोज धावणारे कोणी असेल तर अडीच-तीन लागतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. त्यामुळे 'चार एचपी'ची मशीन साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर चालते असे कोणी सांगितले, तर गुणाकार करून पाहावा.

दुसरी बाब पट्ट्याची. चालण्यासाठी पट्टा चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १२० सेंटिमीटर लांब असला तरी भागते. धावणाऱ्याला तो पन्नास सेंटिमीटर रुंद आणि १४० च्या आसपास लांब लागतो, कारण धावताना ढांग वाढते. फळीच्या पुराव्याने धावणाऱ्याचे अस्तित्व आधीच निकालात काढलेले असते. तेव्हा लांब पट्ट्याचे पैसे वाचवावेत. "पुढं धावायला लागलो तर?" हा प्रश्न पहिली मशीन घेतानाही विचारला गेला होता.

तिसरी बाब वजनाची. प्रत्येक मशीनवर जास्तीत जास्त किती वजनाच्या माणसाने चढावे, हे लिहिलेले असते. त्यात दहा-पंधरा किलोंची ढील ठेवावी, म्हणजे नव्वद किलोंच्या माणसाने १००-१०५ किलोंची मशीन घ्यावी. नियम सोपा आहे. अडचण आहे ती नव्वद किलोंचा माणूस स्वतःला ब्याऐंशी समजतो यात. घरातला काटा कपाटाखाली असतो आणि त्याचा सेल गेलेला असतो. अशा वेळी मोंढ्यात आडतीच्या काट्यावर उभे राहावे. तिथे सोयाबीनच्या कट्ट्यांशेजारी जो आकडा येतो, तो मात्र सर्वांदेखत येतो आणि त्यात कटतीही मिळत नाही.

चौथी बाब चढाची. मोटारीने वर-खाली होणारा चढ मशीनची किंमत वाढवतो आणि बिघडायला आणखी एक मोटार देतो. हृदयाच्या तपासणीसाठी जी टीएमटी करतात, तिच्यात ब्रूस यांच्या पद्धतीप्रमाणे पहिला टप्पाच दहा टक्के चढाचा असतो. वेग ताशी सुमारे पावणेतीन किलोमीटर, आणि दर तीन मिनिटांनी चढ व वेग दोन्ही वाढतात. छातीला वायरी लावलेल्या असताना, शेजारी डॉक्टर उभे असताना केलेली ती चढण बऱ्याच जणांच्या आयुष्यातली एकमेव ठरते. घरी आल्यावर खिट्टी पहिल्याच भोकात राहते. ज्यांना खरोखर चढ हवा आहे, त्यांच्यासाठी घाट आहेच, आणि त्याला हप्ता नाही.

पाचवी बाब पडद्याची. बजेटातल्या मशीनला दुकानात उठाव येतो तो इथे. निळे दिवे, गाण्यांचा स्पीकर, मोबाइलशी जोडणी, दांड्यावर नाडी मोजण्याच्या पट्ट्या. या पट्ट्यांवर हलत्या हाताने आलेला आकडा डॉक्टरला सांगू नये. त्याला उगाच काळजी वाटते. जळालेल्या कॅलरींचा आकडाही अंदाजीच असतो. ज्या मशीनला वजन सांगण्याची सोय नाही, ती सातवीतल्या नातवाला आणि त्याच्या आजोबांना एकच आकडा दाखवते. आकडा पारखायची धारूरची स्वतःची पद्धत आहे. सत्तर किलोंचा माणूस ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालला की साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. बालाघाटाच्या एका बऱ्यापैकी सीताफळाच्या गरात जवळपास तेवढ्याच असतात. म्हणजे अर्धा तास बरोबर एक सीताफळ. पण बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते एक खाऊन थांबलेला माणूस पंचक्रोशीत आढळत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोपली घरात आली की मशीनने कितीही दिवे लावले तरी हिशेब जुळत नाही. त्यामुळे पडद्यावर वेळ, वेग आणि अंतर दिसले तरी पुष्कळ झाले.

सहावी बाब विजेची, आणि ती किमतीच्या पाटीवर कुठेच नसते. वापराचा खर्च फार नाही. सरासरी अर्धा किलोवॉट धरला आणि रोज अर्धा तास चालले, तर महिन्याला साडेसात युनिट होतात. खरा खर्च कमी-जास्त दाबाचा. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, आणि रात्री शेजारची डीपी दुरुस्त झाली की तोच बल्ब डोळे दिपवतो. बल्ब हे सहन करतो, कार्ड करत नाही. म्हणून सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, नीट अर्थिंग आणि किमान तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर हे मशीनचेच भाग समजून त्यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर जोडून पाहू नये. घरच्या इन्व्हर्टरवरही मशीन चालत नाही. प्रयत्न केल्यास इन्व्हर्टर एक लांब शिट्टी मारतो आणि घरातला पंखाही घेऊन जातो. चालता चालता लाईट गेली तर पट्टा थांबतो, माणूस थांबत नाही, आणि पोट पडद्यावर जाऊन आदळते. दांडा धरून चालणाऱ्यांचा तेवढ्यापुरता फायदा होतो.

सातवी बाब जागेची. मशीन किती मोठी हे सगळे मोजतात, छताची उंची कोणी मोजत नाही. जुन्या धारूरमध्ये अजून माळवदाची घरे आहेत. जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, आणि आत मे महिन्यातही गारवा. व्यायामाला यासारखी खोली नाही. फक्त पट्टा जमिनीपासून सुमारे वीतभर उंच असतो, त्यावर माणूस चढतो, आणि चालताना तो दर पावलाला थोडा उचलला जातो. या तिन्हींची बेरीज कधी कधी बरोबर तुळईपर्यंत येते. पहिल्या मशीनच्या काळात तुळईला बांधलेली चिंधी किंवा उशी दिसली, तर दुसऱ्या वेळी मशीन आधी दुसऱ्या खोलीत न्यावी आणि मग किंमत विचारावी. मागच्या बाजूला दोन मीटर मोकळी जागा हवी, कारण घसरलेला माणूस मागेच जातो. तिथे भिंत, कपाट किंवा धान्याची कोठी नसावी. दुमडणारी मशीन जागा वाचवते हे खरे आहे. पण पन्नास-साठ किलोंची मशीन रोज दुमडली जाते की कायमची, हेही जुन्या मशीनला विचारावे. कपडे वाळत घालण्याचा मुद्दा इथे मुद्दाम वगळला आहे. तो दोष नव्हे, ती या यंत्राची एकमेव कधीही न बिघडणारी सोय आहे.

आठवी बाब सेवेची, आणि बजेट खरे इथेच वाचते किंवा बुडते. पुण्यातला भाचा जी लिंक पाठवतो, ती मशीन चांगली असते, स्वस्तही असते. पण 'घरी येऊन बसवून देऊ' हे वाक्य पिनकोड टाकल्यावर लहान होत जाते. आधी 'सात दिवसांत', मग 'जिल्ह्याच्या ठिकाणी', मग 'व्हिडिओ पाहून स्वतः जोडा'. खोके ट्रकमधून उतरते ते बहुधा हमरस्त्यावरच, आणि तिथून ते घरापर्यंत जाते ते चार पोरांच्या खांद्यावरून. वाटेत सात जण "फ्रिज का?" विचारतात, एक जण "कितीला पडला?" म्हणतो. त्यामुळे विकत घेण्याआधी तीन प्रश्न फोनवर विचारून उत्तर लिहून घ्यावे. माणूस कुठून येणार, अंबाजोगाईहून, बीडहून की संभाजीनगरहून? त्याचे येण्याचे भाडे कोण देणार? आणि याच मॉडेलचा पट्टा व कार्ड तीन वर्षांनी मिळणार का? दोन हजार रुपये जास्त देऊन अंबाजोगाईत ओळखीचा मेकॅनिक असलेली मशीन घेतली, तर ती स्वस्त पडते. लोखंडी सांगाड्यावर दिलेल्या दहा वर्षांच्या हमीने भारावून जाऊ नये. सांगाडा कोणाचाच मोडत नाही. कार्डाला किती महिन्यांची हमी आहे, ते पाहावे.

जुनी, म्हणजे दुसऱ्याची वापरलेली मशीन घेणे हाही मार्ग आहे. धारूरला मालक बदलण्याची सवय नवी नाही. इथला किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला, तो निजामशाहीने घेतला, मग मोगलांनी, पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. आणि प्रत्येक नव्या मालकाने आधी कोणती भिंत पडली आहे, ते पाहिले असणार. वापरलेली मशीन घेतानाही तसेच पाहावे. "फक्त दोनदा वापरलीय," असे विकणारा सांगतो आणि बहुधा ते खरेच असते. फार कमी वापर हा मात्र गुण समजू नये. वर्षानुवर्षे न फिरलेला पट्टा रोलरभोवती एकाच वळणात ताठर होतो. पंधरा मिनिटे स्वतः चालून पाहावे, पट्टा एका बाजूला सरकतो का, पाऊल टेकताच अडखळतो का, मोटारीला जळका वास येतो का, हे तपासावे. मालकाला चालायला सांगू नये, तो दोन मिनिटांत दमतो आणि सौदा भावनिक होतो.

राहता राहिला जुन्या मशीनचा निकाल. एक्सचेंजमध्ये तिला जी किंमत मिळते, ती ऐकून घरातले वडीलधारे एकदम "राहू द्या मग, कुठं खायला मागायलीय," म्हणतात, आणि ती ओसरीत आणखी तीन वर्षे राहते. भंगारवाला तिला किलोवर तोलतो. पडदा, स्पीकर आणि बारा प्रोग्राम यांचे वजन त्याच्या लेखी प्लॅस्टिकच. याच सुमारास शेजारचा शेतकरी येऊन मोटारीकडे निरखून पाहतो आणि ती कडबाकुट्टीला बसेल का, असे विचारतो. उत्तर असे की डीसी मोटार थेट घरच्या विजेवर चालत नाही, तिला तिचेच कार्ड लागते, आणि ते कार्ड जळले म्हणून तर हा सगळा विषय निघाला. चांगली मोटार आणि सांगाडा मेकॅनिकला दिले, तर नव्या मशीनच्या पहिल्या सर्व्हिसिंगपुरते पैसे सुटतात.

सारांश असा. चालणाऱ्या माणसांच्या घराला अखंड दोन एचपीपर्यंतची मोटार, पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत रुंदीचा पट्टा, वजनाला दहा-पंधरा किलोंची ढील, हाताने द्यायचा चढ आणि साधा पडदा एवढे पुरे होते. यातून जे पैसे वाचतात, ते स्टॅबिलायझर, अर्थिंग, सिलिकॉन तेल आणि येऊ शकणारा मेकॅनिक यांच्यावर लावावेत. जास्तीचा वेग, जास्तीचे प्रोग्राम आणि जास्तीचे दिवे यांच्यासाठी हप्ता वाढवू नये. त्यांचे बटण कोरे राहते, याचा पुरावा घरातच आहे.

एक बाब मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बहुतेक ट्रेडमिलना एक लहानशी लाल सुरक्षा-किल्ली असते, तिला दोरी आणि टोकाला चिमटा. चिमटा कपड्याला लावायचा असतो. माणूस घसरला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. ती जागेवर नसेल, तर मोटार, कार्ड, वीज सगळे ठणठणीत असूनही मशीन सुरू होत नाही. लहान मुलांनी मशीन चालू करू नये म्हणून घरातली शहाणी माणसे ही किल्ली काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. किल्लीत बहुधा चुंबक असते. तेव्हा मशीन मेली असे ठरवून नवीचे पैसे भरण्याआधी फ्रिजच्या दारावर लाईटबिल कशाने अडकवले आहे, तेवढे एकदा पाहून घ्यावे.